धाकटीची जीभ

धाकटीला पाण्यातलं मीठ कळतं, असं माझ्या सासूनं चारचौघींत सांगितलं आणि त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखायला लागलं. त्याला आता एकोणीस वर्षं झाली. दुखणं गेलेलं नाही, नुसतं अंगवळणी पडलंय.

धाकटी म्हणजे माझ्या दिराची बायको. मी थोरली. घर एकच, लांबलचक. मधे भिंत, अलीकडे मी आणि पलीकडे ती. तिचा नवरा जहाजावर, वर्षातून एकदा तोंड दाखवणार. माझा नवरा इंजिनं दुरुस्त करतो आणि जेवायच्या वेळी बरोबर हजर होतो. रस्ता आमच्या दारात येऊन संपतो. सरकारी नळ मात्र तिथवर पोचलाच नाही, तो अलीकडच्या वळणावरच थांबला. त्यामुळे आमची दोन्ही घरं मागच्या विहिरीवर जगली. पिणं, रांधणं, धुणं, परसातली भाजी, सगळं तिच्याच पाण्यावर.

घराच्या खाली उतरलं की खाडी. ओहोटी लागली की चिखल उघडा पडायचा आणि आम्ही टोपल्या घेऊन शिंपले काढायला उतरायचो. चिखलात शिंपला कुठे आहे ते डोळ्याला कळत नाही, टाचेला कळतं. ती टाच कशी फिरवायची हे धाकटीला मी शिकवलं. लग्न होऊन आली तेव्हा तिला चिखलात धड उभंही राहता येत नव्हतं. दोनदा बदकन बसली आणि दोन्ही वेळा मीच हात देऊन उठवलं. हे मी मुद्दाम सांगते, कारण बाकी कोणी सांगत नाही.

उतरण्याआधी सासूबाई पाणी चाखायच्या. वरून गोडं पाणी जास्त आलं की शिंपले तोंड मिटून खोल जातात, मग दिवसभर टाच फिरवली तरी टोपली भरत नाही. म्हणून आधी चाखायचं आणि मग खाडीच्या वरच्या अंगाला जायचं की खालच्या, ते ठरवायचं. त्याची रीत होती. उठल्यावर चहा घ्यायचा नाही, काही खायचं नाही. विहिरीच्या पाण्यानं तीनदा चूळ भरायची, म्हणजे जीभ कोरी होते. मग मोठ्या शिंपल्याची एक घासून गुळगुळीत झालेली वाटी होती, तिच्यात खाडीचं पाणी घेऊन थेंबभर जिभेवर ठेवायचं आणि थुंकून टाकायचं.

सासूबाई थकल्या तेव्हा मी या घरात सहा वर्षं जुनी होते आणि धाकटीला येऊन एक वर्ष झालं होतं. वाटी माझ्याकडे येणार हे मी गृहीतच धरलं होतं. सगळ्या बायका टोपल्या घेऊन उभ्या असताना सासूबाईंनी ती धाकटीच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "हिची जीभ खरी आहे." बस्स, एवढंच. मी हसले, "बरं झालं, माझ्यामागची कटकट गेली" असंही म्हणाले, आणि घरी येऊन एक पातेलं असं घासलं की त्याची कल्हई निघाली.

धाकटी चुकायची नाही, हे कबूल करते. ती म्हणाली वरच्या अंगाला, तर वरच्या अंगाला टोपल्या भरायच्या. मी दोनतीनदा हट्टानं उलट्या बाजूला गेले आणि अर्धी टोपली घेऊन परतले. तिनं त्यावर कधी शब्द काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

मग कंपनी आली. खाडीकाठची झाडं आठवड्याभरात कापली गेली आणि तिथं कोळंबीची तळी खणली. चौकोनी, एकाला एक लागून, आठ. पंपानं खाडीचं पाणी आत, वापरलेलं पाणी बाहेर. त्या बाहेरच्या पाण्याबरोबर कोळंबीची घाण, उरलेलं खाद्य, चुना आणि औषधं असं काय काय खाडीत यायला लागलं. पहिल्या वर्षी चिखल काळा झाला. दुसऱ्या वर्षी पाय घातला की सडक्या अंड्यासारखा वास यायचा आणि टाचेला शिंपले लागायचे ते रिकामे. आमच्या पायवाटेवर तारेचं कुंपण आलं. जी बारकी मासळी आम्ही वाट्यावर, म्हणजे ढिगाच्या भावानं, घेऊन खायचो, तीसुद्धा बाजारात दिसेना. ती दळून कोळंबीच्या खाद्यात जाते असं कळलं. कोळंबी खाऊन गुबगुबीत होणार, गाडीत बसून परदेशी जाणार, आणि आम्ही कुंपणाच्या अलीकडून बघणार. मला माणसांचा हेवा वाटतो हे ठाऊक होतं, कोळंबीचाही वाटेल असं कधी वाटलं नव्हतं.

शेवटी आम्ही बायका टोपल्या ठेवून कंपनीच्या शेडमध्ये कोळंबी सोलायला गेलो. लांब टेबलं, बर्फाचे ढीग, दहा तास उभं राहायचं. महिन्याभरात बोटांची टोकं पांढरी पडून सालं निघायला लागली. धाकटी माझ्या शेजारी उभी असायची, आणि खरं सांगते, तो एक महिना मला बरा गेला. तिचीही बोटं माझ्यासारखीच सोलवटत होती.

पण तिचं नशीब तिथंही आडवं आलं. कंपनीच्या साहेबाकडे खारटपणा मोजायची एक नळी होती, दुर्बिणीसारखी. तिच्या काचेवर थेंब टाकून उजेडाकडे धरून बघायचं. ती पडून फुटली. नवी यायला पंधरा दिवस, आणि कोळंबीला पाणी जरा कमीजास्त चालत नाही. कोणीतरी धाकटीचं नाव सांगितलं. साहेबानं गंमत म्हणून सात पेले ओळीत मांडले, प्रत्येकात वेगळ्या तळ्याचं पाणी. धाकटीनं चाखून पेले उचलून पुन्हा मांडले, कमी खारटापासून जास्त खारटापर्यंत. नळी फुटण्याआधी वहीत लिहिलेल्या आकड्यांशी ताडून बघितलं तर एकही पेला चुकला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून ती टेबलावरून गेली, ती नवी नळी आल्यावरही परतली नाही. डोक्याला निळी टोपी आणि पायात पांढरे गमबूट घालून बांधावरून फिरायची, पाण्याची दारं कधी उघडायची ते सांगायची. मी शेडच्या खिडकीतून बघायची. टोपीचं काही नाही. पण ते गमबूट पांढरेशुभ्र होते, आणि माझ्या चपलांतून बर्फाचं पाणी आत यायचं.

घरात मी माझं समाधान शोधलं. माझा संसार नेटका, तिचा पसरलेला. माझी मिठाची बरणी पूर्वी महिन्यात संपायची, ती पावणेदोन महिने जायला लागली, आणि माझ्या हातच्या कालवणाला नवरा नावं ठेवत नव्हता. म्हणजे काटकसर कशी करावी ते माझ्याकडून शिकावं. हे मी धाकटीला ऐकू जाईल असं भिंतीपाशी उभं राहून शेजारणीला सांगितलंही.

त्याआधीच कंपनीनं नववं तळं खणलं होतं, ते आमच्या परसाला लागून. बाकीच्या तळ्यांना खाली प्लॅस्टिक अंथरलं होतं, नवव्याला घाईत काहीच घातलं नाही. पहिलं पीक निघालं, तळं सुकवायला रिकामं केलं, आणि त्याच सुमारास धाकटी एका सकाळी माझ्या दारात येऊन उभी राहिली. गमबूट बाहेर काढून ठेवले होते, तेवढी रीत तिला आहे.

"जाऊबाई, विहीर बदलतेय," ती म्हणाली. "पाण्याला मीठ लागलंय. थोडंच आहे, पण आहे. नवव्याचं पाणी झिरपतंय."

मी तिच्यासमोर विहिरीचं भांडंभर पाणी प्यायले आणि म्हणाले, कंपनीचं पाणी पिऊन तुला आता घरचं गोड लागत नसेल. त्यात तथ्य होतं हे मला माहीतच नव्हतं. कंपनीत कामगारांना प्यायला लांबून पिंप यायचं, धाकटी दिवसभर ते प्यायची आणि जेवायचीही तिथंच. मी सोलणाऱ्यांतली, घरून डबा न्यायची, पाण्याची बाटलीही घरचीच. मला वाटलं, पाणी ओळखायचा मान खाडीवर मिळाला, कंपनीत मिळाला, आता विहिरीवरही हिलाच हवा.

ती गप्प बसली नाही. साहेबाकडे गेली, नवव्यात प्लॅस्टिक घाला म्हणाली. साहेबानं उडवून लावलं. मग नोकरीत असूनही तिनं सरकारी कचेरीत तक्रार दिली, आणि एक दिवस तपासणीचा अधिकारी आमच्या परसात येऊन उभा राहिला. बरोबर कंपनीचा साहेब, आणि आम्ही, आणि सोलणाऱ्या सगळ्या बायका.

अधिकारी सरळ माणूस होता. त्यानं सगळं उघड सांगितलं. नळीवर एवढा बारीक खारटपणा धड दिसत नाही, ती समुद्राच्या पाण्यासाठी असते. बाटली भरून प्रयोगशाळेत पाठवतो, उत्तराला दोनतीन महिने लागतील. पण नववं तळं परवा भरायचं आहे. पुन्हा भरलं आणि खरंच झिरपत असेल, तर विहीर हातची जाईल. ही विहीर दोन घरांची आहे. दोन्ही घरांचं म्हणणं एक असेल तर उत्तर येईपर्यंत तळं भरायला तो मनाई करेल. धाकटीचं म्हणणं त्याच्याकडे लिहून होतं. तो माझ्याकडे वळला.

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला पाणी चाखायला सांगत होतं. मी म्हटलं, रीतीनं करू. सकाळपासून काही खाल्लेलं नाही, चहाही नाही. धाकटीकडे हात केला, तिनं शिंपल्याची वाटी दिली. मी पोहरा ओढला, विहिरीच्या पाण्यानं तीनदा चूळ भरली, जीभ कोरी केली. मग वाटीत विहिरीचंच पाणी घेतलं आणि थेंब जिभेवर ठेवला. धाकटी काहीतरी बोलायला पुढे झाली आणि थांबली.

"गोड आहे," मी म्हणाले. "पहिल्यासारखंच आहे."

मी खोटं बोलले नाही. शपथेवर सांगते, मला गोडच लागलं. पण ते सांगताना मला किती बरं वाटलं, तेही सांगायला हवं. अंगावरून ओझं उतरावं तसं वाटलं. धाकटीचा चेहरा उतरला आणि मी तो पोटभर बघून घेतला.

तळं भरलं. धाकटीला खोटी तक्रार केली म्हणून काढून टाकलं, शेडमध्येही घेतलं नाही. ती वळणावरच्या नळावरून दोन दोन कॅन पाणी आणायला लागली. मी खिडकीतून बघायची आणि म्हणायची, हौस आहे. आठ दिवसांनी साहेबानं मला बोलावलं. पाणी ओळखणारी खरी तुम्हीच, म्हणाला. टोपी दिली, गमबूट दिले. गमबूट धाकटीच्या मापाचे होते, एक नंबर लहान. करंगळी सोलवटली तरी मी ते घालून बांधावरून चालले, शेडच्या खिडकीसमोरून दोनदा जास्त.

एक गोष्ट मात्र खटकत राहिली. साहेबानं मला एकदाही पाणी चाखायला सांगितलं नाही. नवी नळी होतीच. तिच्यातून बघायचं आणि आकडा वहीत लिहायचा, एवढंच काम. एकदा मी वाकून बोट बुडवायला गेले तर तो म्हणाला, राहू दे, त्याची गरज नाही. माझ्याकडून त्याला एकच चव हवी होती, आणि ती मी परसात देऊन झाले होते. हे मला कळत होतं, पण गमबूट पायात होते.

तीन महिन्यांनी लेकीचं बिऱ्हाड बदललं, म्हणून मी आठ दिवस तिच्या मदतीला गेले. लांबच्या गावी, डोंगराच्या अंगाला, खाऱ्या पाण्याचा संबंध नाही. पहिल्या दिवशी मी स्वयंपाक केला. जावई घास खाऊन थांबले, मग हळूच मीठ मागून घेतलं. प्रवासाचा शीण, मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितलं. तिसऱ्या दिवशी मी लक्ष देऊन चिमूट मोजून घातली, नेहमीची, हाताला सवयीची. लेक म्हणाली, "आई, तुला डॉक्टरांनी मीठ बंद केलंय का? सगळं अळणी होतंय."

मी तिच्या घरचं पाणी भांड्यात घेऊन प्यायले. तीन दिवस पीतच होते, पण आता लक्ष देऊन प्यायले. मग पिशवीत घरून आणलेली बाटली होती, तळाला थोडं पाणी उरलेलं, ते तोंडात घेतलं. आणि थुंकून टाकलं.

परतीच्या गाडीत मला सगळं एकेक करून दिसत गेलं. बरणी टिकत होती ती काटकसरीनं नाही. पाण्यात मीठ चढत होतं तसतसा माझा हात आपोआप आखडत होता, जिभेला पत्ता न लागू देता. आणि ती चूळ. खाऱ्या पाण्यानं जीभ कोरी करून तेच खारं पाणी मी चाखलं होतं. दुसरं काय लागणार होतं? सासूबाईंची रीत खाडीसाठी होती. विहीर बिघडेल, हे त्या रीतीत कुठे होतं?

घरी आले ती थेट परसात गेले. माझ्या भाजीच्या पानांच्या कडा करपल्या होत्या. जाताना त्या दिसल्या होत्या आणि मी ऊन म्हटलं होतं. मग मी चूल पेटवली. विहिरीचं पाणी, विकत आणलेले शिंपले, मसाला. मिठाच्या बरणीला हातही लावला नाही. कालवण चांगलं आटवलं, भाताबरोबर ताटात वाढलं आणि भिंतीपलीकडे घेऊन गेले.

धाकटीनं मला बसायला पाट दिला. तीन महिन्यांत आम्ही एकमेकींशी बोललो नव्हतो. तिनं दोन घास खाल्ले.

"मीठ?" मी विचारलं.

"बरोबर आहे की."

"घातलंच नाही."

तिचा हात ताटात थांबला. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटलं आता बोलेल, एकोणीस वर्षांचं सगळं बाहेर काढेल. मी तयार होते. तिनं ताट बाजूला सरकवलं आणि म्हणाली, "तुम्ही चूळ भरलीत, तेव्हाच मला कळलं होतं."

"मग तोंड का नाही उघडलंस?"

"चारचौघांत तुम्हाला चाखता येत नाही असं सांगू? एकदा सासूबाईंनी सांगितलं होतं, तेव्हा तुम्ही पातेलं घासत होतात ते मी भिंतीपलीकडून ऐकलंय."

मला रडू आलं आणि रागही आला. ती वाईट असती तर किती सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी गमबूट कंपनीच्या फाटकावर ठेवून चपला घालून कचेरीत गेले. धाकटी बरोबर होती. प्रयोगशाळेचं उत्तर येऊन पडलं होतं: पाणी पिण्याजोगं नाही. पण कंपनीनं माझं म्हणणं पुढे केलं होतं, की घरातल्याच बाईनं गोड सांगितलं होतं, विहीर नंतर दुसऱ्याच कशानं बिघडली असेल. अधिकाऱ्यानं जुना कागद काढला. त्याच्यावर दोन म्हणणी होती, एकाखाली एक.

"आता तुम्ही वेगळं म्हणताय," तो म्हणाला. "मग त्या दिवशीचं खरं कोणाचं धरायचं?"

धाकटी खाली बघत होती. ते वाक्य मी एकोणीस वर्षं गिळत आले होते. आता मलाच ते म्हणावं लागलं.

"हिची जीभ खरी आहे," मी म्हणाले. "लिहून घ्या."

त्यानं लिहून घेतलं आणि मी खाली सही केली. नववं तळं रिकामं झालं, पण आतलं पीक काढून झाल्यावर. विहीर किती वर्षांनी गोडी होईल हे अधिकाऱ्यालाही सांगता आलं नाही. आता आम्ही दोघी वळणावरून पाणी आणतो, चार कॅन, दोन फेऱ्या.

दर महिन्याच्या पहिल्या दिवशी धाकटी नळाच्या पाण्यानं चूळ भरते, वाटीत विहिरीचं पाणी घेते आणि थेंब जिभेवर ठेवते. मी काठावर उभी असते. "अजून नाही," ती म्हणते आणि वाटी माझ्या हातात देते. मीही रीतीनं चाखते. कधी खारट लागतं, कधी नुसताच भास होतो, नक्की सांगता येत नाही. विहीर गोडी होईल त्या दिवशी ते पहिल्यांदा तिलाच कळणार, आणि मला तिच्या तोंडून ऐकावं लागणार. हे मला अजूनही सहन होत नाही. पण अजून एकदाही मी त्या दिवशी उशिरा पोचलेली नाही.